पोटात गोळा आला होता, दोन्ही अर्थांनी (चार स्टार)

या बायकांच्या क्लिनिकला चार स्टार देतेय, पाचवा का कापला ते खाली लिहिलंय. पण आधी सगळं सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः रात्री दोन-दोन वाजेपर्यंत असेच रिव्ह्यू वाचत बसले होते आणि "छान डॉक्टर, छान स्टाफ" यापलीकडे कुणी काही लिहिलेलंच नव्हतं.

माझं वय ३९, नाशिकला राहते, दोन मुलं. मार्चमध्ये डाव्या बाजूला खाली ओढल्यासारखं दुखायला लागलं, पाळीचं असेल म्हणून दोन आठवडे ढकलले, मग फॅमिली डॉक्टर म्हणाले एकदा सोनोग्राफी करून टाका. ती केली घराजवळच्या एका सेंटरवर, या क्लिनिकमध्ये नाही हं. लिटरभर पाणी पिऊन "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" या पाटीखाली पाऊण तास पाय आवळून बसले, आत पाच मिनिटं, आणि बाहेर आल्यावर पाकीट हातात. त्यात डाव्या ओव्हरीत, म्हणजे अंडाशयात, ५४ बाय ४७ एमएमची कॉम्प्लेक्स सिस्ट, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात, मॅलिग्नन्सी रूल आऊट करावी, म्हणजे कॅन्सर नाही ना याची खात्री करा. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, लवकर दाखवून घ्या बरं का." बस, एवढंच. चांगल्या मनानेच बोलला असेल पोरगा, पण माझ्या हातापायातलं बळच गेलं.

घरी येऊन मुलाच्या कंपासमधली पट्टी काढली आणि ५४ एमएम मोजलं. चांगलं मोठं लिंबू. सासूबाईंना सांगितलं "ओव्हरीत गाठ आहे" तर त्यांनी उठून आधी देवापाशी दिवा लावला. आपल्याकडे हीच पंचाईत आहे ना, पाण्याची असो, चरबीची असो नाहीतर कॅन्सरची, सगळ्याला गाठच म्हणायचं. त्यात गर्भाशयाला पण पिशवी आणि सिस्टला पण पाण्याची पिशवी, त्यामुळे नणंदेपर्यंत बातमी पोचली ती थेट "वहिनीची पिशवी काढायचीये" अशी.

आणि खरंच काढणारच होते! आधी ज्या गायनॅककडे गेले (नाव घेत नाही) त्यांनी रिपोर्टची फक्त शेवटची ओळ वाचली, सीए-१२५ नावाची, ओव्हरीच्या कॅन्सरच्या संशयात करतात ती रक्ताची टेस्ट लिहून दिली, ती आली ६१, आणि छापील नॉर्मल ३५ च्या आत. "मुलं झालीत ना? मग पिशवी आणि दोन्ही ओव्हरी काढून टाकू, पुढचं टेन्शन नको, सोमवारी ॲडमिट व्हा." तीन मिनिटं. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये पेपरात आलं होतं, कॅन्सर होईल अशी भीती घालून तरण्याताठ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं, तेव्हा मी हळहळले होते की बिचाऱ्या शिकलेल्या नाहीत म्हणून फसतात. मी एमकॉम आहे आणि मी बॅग भरायला घेतली होती.

नणंद म्हणाली थांब, सोमवारच्या आधी एकदा इथे दाखव. तर इथल्या मॅडमनी पहिला प्रश्न काय विचारला असेल, "रक्त दिलं तेव्हा पाळीचा कितवा दिवस होता?" मी म्हटलं, दुसरा दिवस. मग त्या म्हणाल्या की हा आकडा पाळीत चढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार) चढतो, फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातली साधी गाठ), प्रेग्नन्सीत, पोटाच्या टीबीत सुद्धा चढतो, आणि उलट कॅन्सर अगदी सुरुवातीच्या स्टेजला असेल तर साधारण निम्म्या बायकांमध्ये हा नॉर्मलच येतो. म्हणजे पाळी चालू असलेल्या बाईला नुसत्या या आकड्यावरून घाबरवायचं पण नाही आणि निश्चिंत पण करायचं नाही.

मग लघवीला जाऊन या म्हणाल्या आणि खालून सोनोग्राफी केली. स्क्रीन माझ्याकडे वळवली, ही गोष्ट मला फार आवडली. "हे काळं दिसतंय ना, ते पातळ पाणी. आणि यात कोळ्याचं जाळं दिसतंय का? ते साकळलेलं रक्त." दर महिन्याला ओव्हरीत एक छोटी पिशवी फुगते, फुटून बीज बाहेर पडतं, आणि ती मिटताना कधीकधी आतल्या आत रक्त साचतं. तीच ही, हॅमरेजिक सिस्ट. मग रंगीत डॉप्लर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोनोग्राफी, लावून दाखवलं की रंग फक्त कडेने येतोय, जाळ्यात रक्तपुरवठा अजिबात नाही. कॉम्प्लेक्स म्हणजे आत नुसतं पाणी नाही, आणखी काहीतरी आहे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ! आणि मी त्या एका शब्दावर पाच रात्री जागून काढल्या होत्या. मी विचारलं मग कॅन्सरची असती तर कशी दिसली असती, तर न कंटाळता सांगितलं, आतल्या भिंतीवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे कोंब, घट्ट भाग आणि त्यातून वाहणारं रक्त, जाडजूड पडदे, पोटात पाणी. शेवटी रिपोर्टवर ओ-रॅड्स २ लिहिलं. हा ओव्हरीतल्या गाठीत कॅन्सरची शक्यता किती ते सांगणारा ० ते ५ असा स्कोर असतो, २ म्हणजे कॅन्सरची शक्यता १ टक्क्याहून कमी आणि ५ म्हणजे ५० टक्के किंवा जास्त. पहिल्या रिपोर्टात हे एवढं असतं तर बाई मी तेव्हाच झोपले असते.

घरात कुणाला ब्रेस्टचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर होता का, हे विचारलं. मी आईकडचं आठवत बसले तर म्हणाल्या वडिलांकडचं पण सांगा, बीआरसीए नावाचे जीन्स असतात, ते बिघडलेले असले तर या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि ते बापाकडून पण येतात. एक आत्या आहे, तिला ब्रेस्टचा झाला पण सत्तरीत, ते लिहून घेतलं, जीन टेस्टची आत्ता घाई नको म्हणाल्या.

रिपोर्टच्याच पाकिटावर मागे पेनने बाकीच्या प्रकारच्या सिस्टची चित्रं काढून दिली, ते पाकीट मी जपून ठेवलंय. एंडोमेट्रिओसिसचं जुनं रक्त साचलेली ती चॉकलेट सिस्ट. दुसरी डर्मॉइड, हिच्यात केस, चरबी आणि कधीकधी दात असतात, हो दात, मी दोनदा विचारलं. बहुतेकदा साधीच असते पण आपोआप जिरत नाही, आणि वजनाने ओव्हरीला पीळ पडू शकतो. आणि पीसीओडी (हार्मोन्स बिघडून पाळी मागेपुढे होते तो त्रास) हे वेगळंच प्रकरण, त्यात बारीक बारीक मण्यांसारखं दिसतं त्या ह्या अर्थाने गाठी नाहीतच.

औषध? काही नाही. मला तर फसवणूक झाल्यासारखंच वाटलं, एवढी फी घेऊन नुसती दुखण्याची गोळी! गर्भनिरोधक गोळ्यांनी जाते असं ऐकलंय म्हटलं, तर त्याने असलेली सिस्ट काही लवकर जात नाही म्हणाल्या, आठ आठवड्यांनी पाळी संपल्या संपल्या या. एक मात्र तीन वेळा बजावलं की अचानक जोरात कळ आली आणि सोबत उलट्या झाल्या तर आठ आठवडे विसरायचे, रात्री दोन वाजता पण निघायचं, कारण पीळ पडला असेल तर ओव्हरी वाचवायला तासच असतात.

दुसऱ्या खेपेला माझी सिस्ट १६ एमएम निघाली, जवळजवळ संपलीच. पण त्या वेळी मी आईला पण घेऊन गेले होते, वय ६४, पाळी जाऊन तेरा वर्षं, तिची मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली तेव्हा ओव्हरीत ३ सेंटीमीटरची पाण्याची सिस्ट दिसली होती. मला वाटलं माझ्या निम्मी आहे, काही नाही म्हणतील. तर आईच्या बाबतीत मॅडम जास्त कडक! पाळी गेल्यावर दर महिन्याचा तो फुगण्या-फुटण्याचा खेळ बंद झालेला असतो, त्यामुळे या वयातली सिस्ट लहान असली तरी लक्ष ठेवायचं, आणि सीए-१२५ चा आकडा या वयात जास्त कामाचा, म्हणून तिची लगेच करून घेतली. आला १४. साधी, एकाच बाजूला, पाच सेंटीमीटरच्या आत, म्हणून कापाकापी नाही, चार महिन्यांनी परत बघू. आईला विचारलं, पोट फुगल्यासारखं राहतं का, दोन घासांत पोट भरतं का, सारखं लघवीला लागतं का. हे रोजच्या रोज काही आठवडे होत असेल तर गॅस म्हणून ओवा चावत बसू नका, दाखवा. आणि हे पण म्हणाल्या की कधी संशय आलाच तर मी हात लावणार नाही, कॅन्सर सर्जनकडेच पाठवीन, कारण ती आत फुटू न देता अख्खी काढावी लागते. स्वतःचं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवीन म्हणणारा डॉक्टर मी तरी पहिल्यांदाच बघितला.

आता कापलेला स्टार. अपॉइंटमेंट साडेपाचची, नंबर लागला सव्वाआठला, दोन्ही वेळा. रिसेप्शनवरची मुलगी भरल्या हॉलमध्ये ओरडते "खालून सोनोग्राफी कोणाचीये?", तिथे समोर कुणाचे तरी सासरे पेपर वाचत बसलेले असतात हो. बाथरूमची कडी तुटलेली आहे, सोनोग्राफीच्या क्लिनिकमध्ये निदान ती तरी धड हवी. पार्किंग नाहीच. तपासणीचे ८०० आणि सोनोग्राफीचे १५०० वेगळे, कार्ड चालत नाही.

जाणार असाल तर शनिवार टाळा. आणि जुने रिपोर्ट फिल्मसकट घेऊन जा, मोबाईलमधला फोटो मॅडम बघत नाहीत, मला पहिल्या दिवशी पाकीट आणायला परत घरी पिटाळलं होतं.