ट्रॅस्टुझुमॅब: मूळ ब्रँड घ्यायचा की बायोसिमिलर?

नाशिकच्या गोळे कॉलनीत माझं मेडिकल आहे. निफाड-सिन्नरकडून कुणीतरी फाईल घेऊन येतं: आईला स्तनाचा कॅन्सर, रिपोर्टवर हर-टू पॉझिटिव्ह (म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त), चिठ्ठीवर ट्रॅस्टुझुमॅबचं इंजेक्शन, आणि प्रश्न ठरलेला. "ओरिजिनल घेऊ की कॉपी?" ओरिजिनल म्हणजे रोश कंपनीचं हर्सेप्टिन, कॉपी म्हणजे बायोसिमिलर, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं त्याच्याशी जुळणारं औषध. नेटवर वाचून आलेला मुलगा पुढे विचारतो, "पेटंट संपलं म्हणतात, थोडं थांबलो तर भाव अजून उतरेल का?"

थांबू नका. नेटवरच्या तारखा बहुतेक अमेरिकेच्या असतात. तिथे बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींत तयार होणाऱ्या औषधाला दोन कुलपं असतात. एक पेटंटचं, अर्ज केल्यापासून २० वर्षांचं. दुसरं नियामक संरक्षणाचं, मूळ औषधाच्या मंजुरीपासून १२ वर्षांचं; तोवर बायोसिमिलरला मंजुरी मिळत नाही. युरोपात हे दुसरं कुलूप साधारण दहा वर्षांचं असतं. भारतात ते वेगळं नाहीच; पेटंट हटलं की बायोसिमिलरला फक्त सरकारी नियमावलीप्रमाणे चाचण्या करून परवाना घ्यायचा. रोशने हर्सेप्टिनचं इथलं पेटंट २०१३ मध्ये सोडलं आणि २०१४ च्या जानेवारीत बायोकॉनचं कॅनमॅब बाजारात आलं. तेच औषध ऑजिव्हरी नावाने अमेरिकेत विक्रीला यायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. म्हणजे ज्या घटनेची तुम्ही वाट बघताय, ती आपल्याकडे कधीच घडून गेलीय.

आता दोघांची तुलना. 'कॉपी' हा शब्द मला खटकतो. पॅरासिटामॉलची कॉपी होते. हे जिवंत पेशींत तयार होणारं प्रथिन, मूळ कंपनीच्याही दोन बॅच शंभर टक्के सारख्या निघत नाहीत. हर्सेप्टिनच्या बाजूने १९९८ पासूनचा अनुभव आहे, पण किंमत जास्त. बायोसिमिलर स्वस्त, पण सगळ्या ब्रँडना एका मापाने मोजू नका. बायोकॉन-मायलनच्या औषधाची मूळ औषधाशी थेट तुलना झालीय: पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांत २४ आठवड्यांनी ६९.६ टक्के रुग्णांच्या गाठी बऱ्याच आकसल्या किंवा गेल्या, हर्सेप्टिनवर ६४ टक्क्यांच्या. हा फरक जिंकण्या-हरण्याचा नाही, दोन्ही सारखीच चालतात एवढाच त्याचा अर्थ. अशी छापील चाचणी असलेला ब्रँड डॉक्टरांना मान्य असेल, तर मी घरच्या माणसालाही तोच देईन. मूळ ब्रँडवर निम्मा कोर्स झालाय आणि खर्च विमा उचलतोय, तर बदलायची घाई मात्र करणार नाही.

ब्रँडच्या वादात एक गोष्ट विसरली जाते. ६० किलोच्या बाईला पहिला डोस ४८० मिलिग्रॅम, पुढे दर २१ दिवसांनी ३६०. बाटली ४४० ची, आत पावडर. पहिल्या दिवशी दोन फोडल्या की कागदावर ४०० उरतं. सोबत मिळणाऱ्या प्रिझर्व्हेटिव्हच्या पाण्यात कालवलं असेल तर ते २ ते ८ अंशांत २८ दिवस टिकतं, म्हणजे दुसरा डोस बहुधा त्यातच भागतो. साध्या स्टराइल पाण्यात कालवलं तर उरलेलं फेकायचं. तुमचं हॉस्पिटल उरलेलं जपून ठेवतं का, हे आधी विचारा. एक अख्खी बाटली वाचते, मग ती कुठल्याही कंपनीची असो.

नावही नीट वाचा. ट्रॅस्टुझुमॅब एमटान्सिन आणि ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकान ही निराळी औषधं आहेत, डोसही निराळे. फोनवर नाव सांगून ऑर्डर देऊ नका, चिठ्ठीचा फोटो पाठवा.

मागे एकाने बाटली घरी नेऊन फ्रीझरमध्ये ठेवली, "जास्त थंड, जास्त चांगलं" म्हणून. बाटली २ ते ८ अंशांतच ठेवायची, गोठवायची नाही. टाकून द्यावी लागली. एप्रिल-मेच्या उन्हात एसटीने नेणार असाल तर थर्माकोलचा डबा आणि जेल पॅक घ्या, आणि पॅक व बाटली यांच्यात कापडाची घडी ठेवा. बिलावर ब्रँड आणि बॅच नंबर लिहून घ्या, प्रत्येक डोसला. पुढच्या वेळी काउंटरवर दुसरा कुणी असेल आणि म्हणाला, "हेही तेच आहे," तर आधी डॉक्टरांना फोन लावा, मग पैसे द्या.