लॅटानोप्रोस्टचे थेंब: औषध खात्रीचं, बाटली मात्र फ्रीजवाल्या घरासाठी केलेली

काचबिंदूवरचे लॅटानोप्रोस्टचे थेंब आमच्या घरात आता दुसरा उन्हाळा पाहत आहेत. डोळे माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे मामाजींचे, आणि थेंब टाकणारी मी. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, घरी कपाशी-तुरीची शेती, डोक्यावर टिनाचं छत. या औषधाबद्दल जे काही वाचायला मिळतं ते एसी-फ्रीजच्या घरांसाठी लिहिलेलं असतं. म्हणून टिनाखाली राहणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहिते.

निकाल आधीच सांगते. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर हे औषध घ्या आणि मनाने बंद करू नका. माझी तक्रार औषधाबद्दल नाही. तक्रार आहे ती बाटलीबद्दल, आणि दुकानातून आपल्या हातात येईपर्यंत तिचे जे हाल होतात त्याबद्दल.

मामाजींना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं ते मोतीबिंदूसाठी. मोतीबिंदू होताच, पण डोळ्याचं प्रेशर उजव्यात २८ आणि डाव्यात २६ निघालं. साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर चालतं म्हणतात. आपल्याच भागाचं उदाहरण आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने २००६ ते २००८ या काळात कळमेश्वर तालुक्यातल्या ८ गावांत तिशीपुढच्या ४७११ जणांचे डोळे तपासले होते. त्यात सरासरी प्रेशर साडेतेराच्या आसपास आलं. ती माणसंही आपल्यासारखीच, शेतात राबणारी. त्यांच्याशेजारी मामाजींचा आकडा ठेवला की २८ म्हणजे काय ते कळतं.

मग फील्ड टेस्ट झाली, म्हणजे नजर कुठवर पोचते त्याची तपासणी. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवायची, समोरच्या पांढऱ्या गोलात मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बाजूला उभी होते. दिवे मलाही दिसत होते, पण मध्येच कितीतरी वेळ बटणाचा आवाजच येईना. मला वाटलं मामाजींना झोप लागली. कागद हातात आला तेव्हा नाकाकडच्या बाजूला, वरच्या अंगाला काळा पट्टा उमटला होता. मामाजी म्हणाले, "मले तं सारं दिसते वो सूनबाई. धुऱ्यावरचा बैल कोनाचा हाये थे बी सांगतो मी."

ते खोटं बोलत नव्हते. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं की दिसायला लागतं. काचबिंदूत, बहुधा वाढलेल्या प्रेशरमुळे, डोळ्यामागची नस वाळते आणि गेलेली नजर कोणत्याही औषधाने परत येत नाही. उरलेली तेवढी राखायची. म्हणून या थेंबांनी "फरक पडला का" हे विचारणंच चुकीचं आहे. मामाजींना काहीच फरक वाटत नाही, वाटणारही नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त माणसं याच कारणाने औषध सोडतात.

मग फायदा होतो हे कशावरून? हाच प्रश्न इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी नीट तपासला. १० दवाखान्यांतले ५१६ रुग्ण घेतले, निम्म्यांना लॅटानोप्रोस्ट दिलं, निम्म्यांना नुसते बिनऔषधाचे थेंब, आणि दोन वर्षं त्यांची फील्ड टेस्ट करत राहिले. बिनऔषधवाल्यांपैकी २५.६ टक्के लोकांची नजर आणखी घटली, औषधवाल्यांपैकी १५.२ टक्के लोकांची. हा अभ्यास २०१५ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मासिकात छापून आला. म्हणजे औषध चालतं, पण सगळ्यांना पुरत नाही. थेंब चालू आहेत म्हणून तपासणी बंद करायची नाही, ती यासाठीच.

डोळ्यात जे पाणी तयार होतं त्याला बाहेर पडायची वाट अडली की दाब वाढतो. हे औषध पाणी जिरायची दुसरी वाट मोकळी करतं. हे औषध प्रोस्टाग्लँडिन नावाच्या, शरीरातच तयार होणाऱ्या द्रव्याच्या जातीचं. त्या द्रव्याने डोळा लाल होतो, दाब वाढतो, असंच पूर्वी मानत होते. कोलंबिया विद्यापीठातल्या लास्लो बिटो यांनी दाखवलं की अगदी थोड्या प्रमाणात दिलं तर दाब उतरतो. त्यातून पुढे लॅटानोप्रोस्ट निघालं आणि १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण रात्री एक थेंब टाकला की दिवसभराचं काम होतं. दिवसातून तीनदा टाकायचं औषध असतं तर कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याच्याने झालं नसतं.

आता बाटली. अडीच मिलीची, अंगठ्याएवढी, आणि दाबायला कडक. नांगर-वखर धरून मामाजींच्या बोटांना घट्टे पडलेत, त्यांना ती दाबता येत नाही. दाबली की एकदम दोन-तीन थेंब गालावर. बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन डोळ्यांचे महिन्याला ६० लागतात, म्हणजे सांडायला फारसं शिल्लक राहत नाही. दुसरा थेंब टाकून उपयोगही नाही, डोळ्यात एकच मावतो. मी त्यांना खाटेवर उताणं झोपवते, खालची पापणी ओढून खळगा करते आणि बाटलीचं टोक डोळ्याला लागू न देता थेंब सोडते. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने हलका दाबून धरायचा, दोनेक मिनिटं. नाहीतर औषध नाकातून घशात उतरतं. बाटली गार असली तर थेंब आत पडलेला त्यांना कळतो. "पडला," म्हणतात.

गार असली तर. इथेच सगळं अडतं. सीलबंद बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची आणि फोडल्यावर २५ अंशांपर्यंत, जास्तीत जास्त सहा आठवडे, अशी मूळ औषधाची सूचना आहे. आमच्या बाटलीवर फोडल्यापासून महिनाच लिहिला आहे, आम्ही तोच पाळतो. पण मे महिन्यात २५ अंश आणायचे कुठून? आमच्या माजघरात भरदुपारी भाच्याचा थर्मामीटर ४१ दाखवत होता. लाइन गेली की पंखाही नाही. फ्रीज आमच्याकडे नाही, म्हणून सीलबंद बाटली शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये असते. दारातल्या कप्प्यात ठेवायची, बर्फाच्या खणात नाही. फोडलेली बाटली स्टीलच्या डबीत, डबी माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यात. तिथे २८ होते. २५ नाहीत, पण ४१ही नाहीत. डबीमुळे उजेडही लागत नाही, कारण उजेडानेही हे औषध खराब होतं.

फ्रीज लागत नाही असं लिहिलेल्या बाटल्याही मिळतात. घ्या, पण लेबलावरचा आकडा वाचून घ्या. ते ज्या खोलीचं तापमान धरतात ती आमची खोली नव्हे.

राग येतो तो दुकानांचा. तालुक्यातल्या एका मेडिकलवाल्याने ऐन मे महिन्यात बाटली उघड्या फळीवरून काढून दिली. फ्रीजचं विचारलं तर म्हणे, "काही होत नाही." मी ती घेतली नाही. औषध मेलं तरी पाणी तसंच दिसतं, आणि मामाजींना फरक वाटणार नाही हे वर सांगितलंच आहे. म्हणजे खराब बाटली महिनाभर टाकत राहिलो तरी घरात कोणाला कळायचं नाही.

दुसरा राग लाल डोळ्याच्या थेंबांचा. फवारणीनंतर डोळे चुरचुरले की आमच्याकडे चिठ्ठीशिवाय मिळणारे थेंब आणतात. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं, आणि ते बरेच दिवस टाकलं तर काही जणांचं प्रेशर चढतं, नसही जाते. सेवाग्रामला डॉक्टरांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला. मामाजी ते थेंब दर हंगामात वापरत होते. आता ती बाटली घरात येत नाही.

त्रास म्हणाल तर सुरुवातीला डोळे लालसर झाले, थोडी आग झाली, मग कमी झाली. पापण्यांचे केस लांब आणि दाट झालेत. ते या औषधाने होतं, घाबरायचं नाही. पुढे दुसरे थेंब वाढवायची वेळ आली आणि टिमोलॉल लिहून दिलं, तर दमा किंवा हृदयाचे ठोके कमी असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.

परवाच्या तपासणीत प्रेशर १९ आणि १८ आलं, कागदावरचा काळा पट्टा तेवढाच आहे. सख्ख्या नात्यात काचबिंदूचा धोका जास्त असतो, म्हणून आमच्या ह्यांना आणि मोठ्या वन्संनाही तपासून आणलं. वन्संचं प्रेशर २२ निघालं, त्यांना सहा महिन्यांनी परत बोलावलंय.

समुद्रपूर-हिंगणघाट भागात हे थेंब फ्रीजमधून काढून, थंड पिशवीत घालून देणारं दुकान कोणाला माहीत असेल तर खाली नक्की लिहा. सध्या आम्ही वर्ध्याहून थर्मासमध्ये आणतो.