थायमॅलिन की थायमोसिन बीटा-४? प्लेटलेटच्या प्रयोगाआधी वाचा

थायमस (छातीतली प्रतिकारशक्तीची ग्रंथी) च्या पेप्टाइडने, म्हणजे अमिनो ॲसिडच्या छोट्या साखळीने, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकमेकींना चिकटण्यावर काय होतं हा विषय प्रबंधाला घेतलाय पण प्राण्याला नक्की टोचायचं काय तेच ठरत नाहीये, असं असेल तर आधी हे डोक्यात घ्या की थायमॅलिन आणि थायमोसिन बीटा-४ ही दोन एकाच जातीची नाहीत. थायमॅलिन म्हणजे वासराच्या थायमसचा अर्क, लेनिनग्राडला मोरोझोव आणि खाविन्सन यांनी काढलेला, त्यात एक पेप्टाइड नाही तर सगळा गोतावळा. बीटा-४ हा ४३ अमिनो ॲसिडचा एकटा रेणू, शुद्धता मोजून मिळतो.

थायमॅलिनच्या बाजूने जुनं रशियन काम आहे, सायबेरियातल्या चिता शहरात कुझनिक या संशोधकांनी प्रतिकारशक्ती आणि रक्त गोठणं हे दोन्ही कायम एकत्रच बघितलं. पण व्हायवाला (तोंडी परीक्षेला) "नक्की कशामुळे झालं?" विचारलं की गप्प बसायची वेळ येते. शिवाय अर्कात एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) राहिलं असेल तर प्लेटलेट त्यानेच घसरतात आणि आपण श्रेय थायमसला देऊन मोकळे! म्हणून कंट्रोलला नुसतं सलाइन पुरत नाही, त्याच पद्धतीने काढलेला वासराच्या स्नायूचा अर्क पण लागतो, म्हणजे एक ग्रुप वाढला, प्राणी वाढले, एथिक्स कमिटीचे प्रश्न वाढले.

बीटा-४ ची गंमत वेगळीच, नाव थायमसचं पण प्लेटलेटमध्ये मुळातच ते ठासून भरलेलं असतं, तिथे ते सुट्या ॲक्टिनला (पेशीचा सांगाडा बनवणारं प्रथिन) धरून ठेवतं, आणि थ्रॉम्बिनने (रक्त गोठवणारं एन्झाइम) प्लेटलेट पेटली की बाहेर पडून फॅक्टर तेरा-ए या दुसऱ्या एन्झाइममुळे फायब्रिनला (गुठळीचे धागे) जोडलं जातं. म्हणजे तुम्ही बाहेरून घालणार ते आधीच्या साठ्यावर भर. तरी प्रश्न नेमका विचारता येतो, म्हणून माझं मत बीटा-४ लाच.

प्राणी? २५० ग्रॅमच्या रॅटमध्ये रक्त सगळं मिळून साधारण १६ मिली, तेव्हा त्याचं रक्त एकदाच घेता येतं. सशाच्या कानातून परत परत घेता येतं, त्याच प्राण्याचं आधी-नंतर मिळतं. प्लेटलेट चिकटायला लावणारी एडीपी आणि कोलॅजन ही द्रव्यं दोघांत चालतात, पीएएफ (प्लेटलेट ॲक्टिव्हेटिंग फॅक्टर) वापरणार असाल तर मात्र ससाच, रॅटच्या प्लेटलेट त्याला दादच देत नाहीत.

आणि पीआरपी (प्लेटलेट जास्त असलेला प्लाझ्मा) फ्रीजमध्ये ठेवू नका रे, गारठ्याने प्लेटलेटचा आकारच बदलतो, मग पेप्टाइड कुठलंही असो.