राजवाड्याजवळचा अमेरिकी संविधानाचा वर्ग : एका लाँड्रीवाल्याचा अभिप्राय

कपडा पाण्यात घालायच्या आधी खिसे उलटे करायचे, ही वडिलांची शिकवण. दिवाळीनंतर एका वकीलसाहेबांच्या काळ्या कोटात घडी घातलेलं पत्रक सापडलं. अमेरिकी संविधान, आठ रविवार, सकाळी ९ ते १०:३०, फी १,५०० रुपये. पत्रक परत द्यायला बाजूला ठेवलं, पण त्याआधी दोनदा वाचलं. आमचं दुकान रविवारी अकराला उघडतं, आणि पोरगा टेक्सासला नोकरीला आहे, व्हिसावर. तिथं त्याच्यावर काही बेतलं तर त्याला वाली कोण, हे डोक्यात होतंच. नाव घालून टाकलं. आता गिऱ्हाईकं विचारतात, वर्ग कसा होता? एकेकाला सांगण्यापेक्षा लिहून टाकतो.

जागा दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. गुडघेदुखीवाल्यांनी विचार करावा. खुर्च्या प्लास्टिकच्या, पंखा कुरकुरतो, झेरॉक्स इतकी पुसट की तिसऱ्या पानापासून अंदाजानं वाचायचं. आम्ही वीसेक जण होतो. निम्मी लॉची पोरं, चार-पाच वकील, एक नर्सबाई, तहसीलातून निवृत्त झालेले एक काका आणि मी. सर पूर्वी कायदा शिकवायचे. मराठीत बोलतात, 'ड्यू प्रोसेस'ला 'रीतसर प्रक्रिया' म्हणतात, आणि कुणी शंका विचारली तर खूश होतात.

पहिले दोन रविवार मला जड गेले. १७८७ ला संविधान लिहिलं, १७९१ ला पहिल्या दहा दुरुस्त्या झाल्या, त्यातली पाचवी केंद्र सरकारला बांधते. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदावी आली आणि तिनं राज्यांनाही बांधलं : रीतसर प्रक्रियेशिवाय कुणाचं जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता घ्यायची नाही, कायद्याचं समान संरक्षण नाकारायचं नाही. जांभया देत लिहून घेतलं.

तिसऱ्या रविवारी सरांनी लाँड्रीचा खटला काढला आणि मी खुर्ची पुढं ओढली.

सॅन फ्रान्सिस्को, १८८०. शहरानं नियम केला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर मंडळाची परवानगी हवी, वीट-दगडाच्या इमारतीला नको. आता हे वाचून कुणीही म्हणेल, बरोबरच आहे. लाँड्री म्हणजे विस्तव. आमच्याकडं कोळशाची इस्त्री होती तेव्हा एकदा ठिणगी उडून एका नवरदेवाच्या सलवारीला भोक पडलं होतं, ते मी अजून विसरलो नाही. पण शहरात लाँड्र्या होत्या सुमारे ३२०, आणि त्यातल्या ३१० लाकडीच. परवानगी मागायला दोनशेच्या वर चिनी लोक गेले, सगळ्यांना नकार. चिनी नसलेले ऐंशीएक गेले, एक सोडून सगळ्यांना होकार. यिक वो नावाची लाँड्री चालवणारा माणूस त्याच जागी २२ वर्षं कपडे धूत होता, अग्निशमनवाल्यांचा आणि आरोग्यखात्याचा दाखला त्याच्याकडं होता. तरी परवाना नाही. त्यानं दुकान चालू ठेवलं, १० डॉलर दंड झाला, तो भरला नाही म्हणून आत टाकलं.

१८८६ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं, एकमतानं. नियमाचा कागद कितीही निर्मळ असला तरी अंमल करणारा हात माणूस बघून चालत असेल, तर ते समान संरक्षण नव्हे. सरांनी हे सांगितलं तेव्हा वकील मंडळी कलमं लिहीत होती. माझ्या डोळ्यांपुढं तो माणूस होता, ओल्या कपड्यांच्या ढिगाआड उभा, हातात दोन दाखले घेऊन.

आणि तो अमेरिकेचा नागरिक नव्हता. चौदाव्या दुरुस्तीतल्या या वाक्यात शब्द 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' आहे. मी लगेच पोराचं विचारलं. सर उगाच धीर देणाऱ्यातले नाहीत. म्हणाले, "पोलिसांनी पकडलं, खटला चालवला, तर तुमचा मुलगा व्यक्ती आहे. पण परदेशी माणसाला देशात ठेवायचं की नाही, तिथं सरकारचे हात बरेच मोकळे असतात." रात्री फोनवर पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही कपडे धुवा." असो.

आपल्या १४व्या कलमातही 'व्यक्ती'च आहे, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर हे नाव ज्या शाळेच्या रजिस्टरात लागलं, ती आताची आमच्या साताऱ्याची प्रतापसिंह हायस्कूल. मी तिच्यावरून रोज गठ्ठे घेऊन जातो. आपलं संविधान घडत असताना घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले, त्यांनी 'ड्यू प्रोसेस' नको असा सल्ला दिला, आणि तो शब्द आपल्या जीवित-स्वातंत्र्याच्या २१व्या कलमात आला नाही. त्या जागी कायद्यानं ठरवलेली कार्यपद्धती आली. मग आंबेडकरांनी भरपाई म्हणून २२वं कलम आणलं : अटकेचं कारण सांगा, वकील घेऊ द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्या. पुढं १९७८ ला मनेका गांधींच्या पासपोर्टच्या खटल्यात कोर्टानं ठरवलं की ती पद्धत न्याय्यही हवी. हा तास सगळ्यात उत्तम झाला.

त्याच १९७८ चा अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचा खटलाही लक्षात राहिला. एका घराला दोन मीटर, दोन बिलं, आणि शहराच्या वीज-गॅस मंडळानं पुरवठा पुन्हा पुन्हा तोडला. कोर्ट म्हणालं, बिलाबद्दल तक्रार असेल तर ती कुठं मांडायची, हे नोटिशीतच सांगायला हवं. इस्त्रीवाल्याला वीज म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आता तक्रार. सहाव्या रविवारी जिना चढून गेलो तर दाराला कुलूप. फोन नाही, मेसेज नाही. शिवाय विद्यार्थी आणि वकिलांना फीत ३०० ची सूट, दुकानदाराला शून्य. पुढच्या आठवड्यात मी भर वर्गात उभा राहिलो. "सर, नोटीस नाही, सुनावणी नाही, आणि सवलतीत भेदभाव. हे बसतं का चौदाव्यात?" पोरं हसली. सर म्हणाले, चौदावी दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी माणसाला नाही. १८८३ मध्ये सुप्रीम कोर्टानं हाच मुद्दा धरून, हॉटेलात आणि नाटकगृहात काळ्या लोकांना दार बंद करणाऱ्यांना रोखणारा कायदा मोडीत काढला. तसा पक्का कायदा पुन्हा यायला १९६४ उजाडलं. उत्तर बरोबर असेल, पण मला पटलं नाही. दाराबाहेर उभ्या माणसाला कुलूप सरकारी की खासगी, यानं काय फरक पडतो?

बुडालेल्या रविवाराचा फटका शेवटी बसला. काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवायला मुभा देणारा १८९६ चा 'वेगळे पण समान' निकाल आणि तो शाळांपुरता उडवणारा १९५४ चा ब्राऊन खटल्याचा निकाल, हे दोन्ही वीस मिनिटांत उरकले. नर्सबाई तर म्हणाल्या, "मुख्य जेवण राहिलं आणि ताट उचललं."

पाचपैकी साडेतीन. परीक्षेसाठी नोट्स हव्या असतील तर जाऊ नका, त्या वाचता येत नाहीत. प्रश्न विचारायची खाज असेल तर जरूर जा, आणि पुढच्या रांगेत बसा, पंख्यापासून लांब. जानेवारीच्या बॅचपासून दुकानदारांनाही ३०० ची सूट आहे, सरांनी स्वतः दुकानात येऊन सांगितलं. येताना कोट घेऊन आले होते. त्याचे मी पूर्ण पैसे घेतले.