जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्र : वर्षभराचा अनुभव

माझा भाचा दहा महिन्यांचा होऊनही आधाराशिवाय बसत नव्हता, तेव्हा अंगणवाडीत तपासणीसाठी आलेल्या पथकाने त्याला आमच्या जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या आणि सर्वजण ज्याला ‘डीईआयसी’ म्हणतात त्या केंद्रात, पाठवले. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा हा भाग असून जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व उपचार येथे विनामूल्य होतात.

भौतिकोपचार (फिजिओथेरपी) विभागाबद्दल लिहावे तेवढे थोडे आहे. तेथील ताईंनी व्यायाम केवळ करून दाखवले नाहीत, तर बहिणीकडून प्रत्येक वेळी करवून घेतले. बाळाला कडेवर कसे घ्यावे, भरवताना त्याची मान कशी सांभाळावी, गुंडाळलेल्या चादरीवर पालथे ठेवून हातांवर भार कसा द्यावा, हे शिकवताना त्यांचा भर आठवड्यातील एका भेटीपेक्षा घरच्या रोजच्या अर्ध्या तासावर होता, आणि माझ्या मते तोच योग्य आहे. चौदाव्या महिन्यात तो बसू लागला.

वाचोपचाराची, म्हणजे बोलण्याच्या अडचणींवरील उपचारांची (स्पीच थेरपी), बाजू मात्र लंगडी आहे. तज्ज्ञांचे पद चार महिने रिक्त होते आणि त्याची पूर्वसूचना कोणी दिली नाही. साठ किलोमीटरचा एसटी प्रवास दोनदा वाया गेला. श्रवण तपासणी वेळेवर झाली. प्रतीक्षागृह अपुरे आहे, त्यामुळे सकाळी नऊपूर्वी पोहोचावे आणि लसीकरणाचे कार्ड, जन्माच्या वेळची कागदपत्रे सोबत ठेवावीत.