जुन्या गाडीचे दिवे आणि इंडिकेटर: मूळ बल्ब, हॅलोजन की एलईडी?

गेल्या पावसाळ्यात मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाटात गाडी बाजूला घ्यायची म्हणून मी डावा इंडिकेटर दिला आणि मागचा ट्रक हातभर अंतरावर करकचून थांबला. ड्रायव्हर रागानेच खाली उतरला. माझ्या गाडीच्या मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, इंडिकेटर लागलाय हे दिसलंच नाही हो." त्याचं खरं होतं. आमची फियाट १९६८ ची, वडिलांच्या हातची. लेन्सच्या आत धुळीचा थर, होल्डरला गंज आणि २१ वॅटचा बल्ब मिणमिणता पिवळा. घरी पोचलो आणि दिव्यांचं काम हाती घेतलं.

तेव्हापासून जुन्या गाड्या बाळगणारे ओळखीचे लोक एकच प्रश्न विचारतात: सगळीकडे एलईडी टाकून मोकळं व्हावं का? माझं उत्तर असं की पुढचा मोठा दिवा, मागचा दिवा आणि इंडिकेटर हे तीन वेगळे निर्णय आहेत. एका झटक्यात तिन्ही घेतले की पैसे जातात आणि उजेड तेवढाच राहतो.

त्याआधी एक काम मात्र कोणताही पर्याय घेतलात तरी टळत नाही. मल्टीमीटर घ्या, हेडलाइट चालू करा, आधी बॅटरीवर व्होल्टेज बघा, मग बल्बच्या पिनांवर. माझ्या गाडीत इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.४ होते आणि बल्बवर १०.६. पावणेदोन व्होल्ट वाटेतच गेले. ऐकायला फार वाटत नाही, पण तारेच्या (फिलामेंटच्या) बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने पडतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. माझ्या हिशेबाने चाळीस टक्के उजेड पन्नास वर्षांच्या जुन्या वायरने, झिजलेल्या स्विचने आणि गंजलेल्या अर्थने, म्हणजे पत्र्यातून बॅटरीकडे करंट परत नेणाऱ्या जोडणीने, खाल्ला होता. बल्ब बिचारा निर्दोष होता. मडगार्डच्या आतला अर्थचा बोल्ट काढला, खालचा रंग पत्रा चमकेपर्यंत घासला, वायरच्या टोकाला नवीन थिंबल (धातूची कडी) लावून ग्रीस फासलं. तेवढ्यानेच अर्धा व्होल्ट परत आला.

आता हेडलाइट. इथे तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे मूळ ४५/४० वॅटचा (पहिला आकडा लांबच्या उजेडाचा, दुसरा जवळच्या) बल्ब ठेवून वायरिंग सुधारायचं. गाडी फक्त रविवारी सकाळी गंगापूर रोडला फिरायला निघत असेल तर एवढं पुरे, आणि गाडीचं रूपही मूळचंच राहतं. दुसरी म्हणजे ६०/५५ वॅटचा एच-फोर हॅलोजन. त्याचा बूड वेगळा असल्यामुळे तो जुन्या रिफ्लेक्टरमध्ये बसत नाही. सात इंची गोल दिव्याचा पूर्ण एच-फोर संच घ्यावा लागतो. तो सहज मिळतो, कारण बुलेटपासून जीपपर्यंत हाच आकार वर्षानुवर्षं चालत आला. तिसरी वाट म्हणजे त्याच एच-फोरच्या जागी बसणारा एलईडी बल्ब.

या तिसऱ्या वाटेला मी ठाम नाही म्हणतो. एच-फोरच्या आत लो-बीमच्या (जवळच्या उजेडाच्या) तारेखाली एक छोटी धातूची पळी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणून लो-बीमचा प्रकाश एका रेषेच्या वर जात नाही. काचेवरच्या रेघा आणि मागचा रिफ्लेक्टर हे सगळं त्या एका तारेच्या जागेवर बेतलेलं असतं. बहुतेक स्वस्त एलईडीमध्ये उजेड पट्टीच्या दोन सपाट बाजूंनी येतो, ती जागा काही जुळत नाही. भिंतीवर भरपूर पांढरं दिसतं, पण रस्त्यावर लांब काही पडत नाही, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. घाटातल्या धुक्यात तर तो निळसर पांढरा उजेड आपल्याच तोंडावर परत येतो. १००/९० वॅटचे जाड बल्बही घेऊ नका. ते कायद्यात बसत नाहीत आणि जुना होल्डर वितळवतात.

म्हणजे रात्री हायवेला जाणाऱ्याने हॅलोजनच घ्यावा, पण रिलेसकट. रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच. दोन ५५ वॅटचे दिवे मिळून नऊ अँपिअरच्या वर ओढतात. तो सगळा करंट जुन्या स्विचमधून गेला तर स्विच गरम होऊन बसतो. लो आणि हायला एक-एक रिले, बॅटरीवरून फ्यूज घालून अडीच स्क्वेअर एमएमची वायर थेट दिव्याला, आणि जुना स्विच फक्त रिले ओढायला. मूळ वायर कापायची नाही, तिचा होल्डर रिलेच्या सॉकेटला जोडायचा. उद्या वाटलं तर दहा मिनिटांत पूर्ववत. मला दोन रिले, सॉकेट, फ्यूज आणि वायर मिळून दीड हजारच्या आत पडलं. बल्बवर आता इंजिन बंद असताना १२.१ व्होल्ट मिळतात.

संच घेताना काच नीट बघा. परदेशातून मागवलेल्या काही संचांची काच उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीची असते. लो-बीमची चढती बाजू तिथे उजवीकडे जाते, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यात. आणि काळवंडलेल्या रिफ्लेक्टरला कोणी क्रोम करून देतो म्हणाला तर नको म्हणा. क्रोम चकचकीत दिसतं, पण मूळच्या चांदी किंवा अॅल्युमिनियमच्या मुलाम्यापेक्षा बराच कमी उजेड परत फेकतं.

मागच्या दिव्यांना मात्र एलईडी खुशाल घ्या. तिथे रस्ता उजळायचा नाही, दिसायचं आहे. एलईडी ब्रेक दाबताक्षणी पेटतो, तारेला तापायला जो किंचित वेळ लागतो तो इथे नाही, आणि मागच्या गाडीला तेवढाच जास्त अवधी मिळतो. दोन गोष्टी सांभाळा. लाल लेन्समागे लालच एलईडी लावा आणि पिवळ्यामागे पिवळाच. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल भाग कमी असतो, त्यामुळे लेन्समधून तो फिका, गुलाबीसर दिसतो. दुसरं, पार्किंग आणि ब्रेक एकाच बल्बमध्ये असतील तर दोन्ही उजेडांत ठसठशीत फरक हवा. मी आणलेल्या पहिल्या जोडीत तो फरक भर दुपारी कळतच नव्हता, म्हणून परत दिली. दिव्यामागे वाटीसारखा रिफ्लेक्टर असेल तर चारही बाजूंनी उजेड देणारा एलईडी घ्या. फक्त समोर फेकणारा लावलात तर मध्ये ठिपका आणि कडेला अंधार.

खरी डोकेदुखी इंडिकेटरची. इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर करंटच्या उष्णतेवर चालतो: आतली पट्टी तापते, वाकते, संपर्क तुटतो, थंड होते, पुन्हा जुळतो. पुढे-मागे मिळून २१ वॅटचे दोन बल्ब साधारण साडेतीन अँपिअर घेतात, त्यावर त्याचा ताल ठरलेला. एलईडी टाकले की करंट एवढा घटतो की हा फ्लॅशर नुसता पेटून राहतो. मग कोणी सांगतं, प्रत्येक दिव्याला रेझिस्टर (बल्बसारखा करंट खाणारा भाग) लाव. सहा ओमचा तो रेझिस्टर बारा व्होल्टवर २४ वॅट उष्णता काढतो. चटका बसतो, जवळची वायर आणि प्लास्टिक मऊ होतं, आणि एलईडीने वाचवलेला करंट पुन्हा खर्ची पडतो. त्यापेक्षा एलईडीवर चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. बहुतेक दोन-तीन पिनांचे असतात. पिनांची खूण जुळवा आणि ताल मोजा. मिनिटाला ६० ते १२० दरम्यान हवा, नव्वदच्या आसपास सर्वांत बरा.

एका मित्राच्या गाडीत एवढं करूनही डावा इंडिकेटर दिला की चारही दिवे लुकलुकायचे. तीन दिवस आम्ही स्विच खोलत बसलो होतो. दोष डॅशबोर्डवरच्या हिरव्या दिव्यात निघाला. दोन्ही बाजूंना मिळून एकच दिवा, आणि तो डाव्या-उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला. तारेचे बल्ब असताना त्यातून पलीकडे जाणाऱ्या थेंबभर करंटने काही पेटत नव्हतं, एलईडीला तेवढाही पुरला. उपाय म्हणजे दोन साधे १एन४००७ डायोड, करंट एकाच दिशेने जाऊ देणारे. एक डाव्या वायरवरून, एक उजव्या, दोघांची पट्टीची खूण असलेली टोकं एकत्र करून दिव्याला, आणि दिव्याचं दुसरं टोक अर्थला. खर्च एका चहाचा.

हे उद्योग नको असतील तर इंडिकेटरला मूळचे २१ वॅटचे बल्ब ठेवा, लेन्स आतून धुवा, अर्थ घासा, फक्त फ्लॅशर इलेक्ट्रॉनिक टाका. हाही चांगला पर्याय आहे, आणि मी वडिलांच्या गाडीत पुढच्या बाजूला हाच ठेवला. मागे एलईडी, पुढे मूळ बल्ब. असा फ्लॅशर घेताना तो चार बल्बांचा भार झेलेल असा घ्या, म्हणजे वेगळा स्विच बसवून चारही दिवे एकत्र लुकलुकवता येतात. जुन्या गाड्यांत ही सोय नसते आणि घाटात बंद पडल्यावर तिचीच गरज लागते.

बॅटरीचं प्लस टोक अर्थला जोडलेली जुनी ब्रिटिश घडणीची गाडी किंवा सहा व्होल्टची विलीज जीप असेल तर साधे एलईडी आणि फ्लॅशर चालत नाहीत. त्यासाठीचेच मागवावे लागतात.

कागदोपत्री एक बघा. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पुढेमागे पेठ रोडच्या आरटीओत त्यासाठी जायचं मनात असेल तर दिव्यांसाठी पत्र्याला नवीन भोक पाडू नका. जादा ब्रेक लाइट हवाच असेल तर मागच्या काचेच्या आत चिकटणारी पट्टी लावा.

सगळं झाल्यावर सपाट जागेत भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा. टायरमध्ये हवा पूर्ण, ड्रायव्हरच्या जागी कोणीतरी बसलेलं. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारा आणि लो-बीमची वरची रेषा त्या खुणेच्या दहा सेंटिमीटर खाली येईपर्यंत स्क्रू फिरवा. मी हे अंबडच्या एका बंद शेडमागे रात्री साडेनऊला केलं. पुतण्या स्टिअरिंगवर बसला होता आणि मी भिंतीशी खडू घेऊन, तरी उजवा दिवा जुळायला अर्धा तास लागला.