गोधडीची गोष्ट वाचून झाली, आता वर्गात काय करायचं?

आजीच्या लुगड्यापासून नातीच्या फ्रॉकपर्यंत सगळ्यांचे तुकडे एका गोधडीत येतात आणि ती गोधडी पिढ्यान्‌पिढ्या घरात फिरते, अशी गोष्ट तिसरी-चौथीच्या मुलांना हमखास आवडते. अडतं ते पुढच्या तासाला. इंदूरमधल्या मराठी वर्गांत अनेक मुलं दिवसभर हिंदी-इंग्रजीत वावरतात आणि मराठी बोलतात ती घरी, बहुधा आजीशीच. हे ध्यानात ठेवून तीन पर्याय पाहू.

कागदी गोधडी सगळ्यांत सोपी. तीस मुलं, प्रत्येकाला 20 सेंमीचा चौकोन, पाच-पाचच्या सहा ओळी; 100 × 120 सेंमीचा फलक एका तासात भिंतीवर. चौकोन कर्णावर दुमडला की अर्धा, पुन्हा दुमडला की पाव, शिवाय सममिती. गणितच घ्यायचं असेल तर हाच पर्याय निवडा आणि पुढचं वाचू नका. गोष्टीशी मात्र त्याचं नातं पातळ राहतं. मुलं फूल काढतात, कार्टून काढतात. घरचं काही त्यात येत नाही.

खऱ्या शिवणकामाचा मोह सगळ्यांना होतो. पण एकट्या शिक्षिकेचा निम्मा तास नेढ्यात दोरा ओवून देण्यातच जातो. पाचवीच्या खाली मी हे सुचवणार नाही, आणि वर सुचवलं तरी दोन-तीन आज्यांना वर्गात बोलावूनच. तुकडे आधी मशीनवर जोडून घ्या, खाली जुन्या सुती साडीचा थर आणि अस्तर लावा; मुलांनी फक्त धावदोरा घालायचा. आतले थर सरकू नयेत म्हणून तो घालतात, हे हातानं केल्यावर सांगावं लागत नाही. हिशेब मात्र आधी करा: 15 सेंमीच्या तुकड्याच्या चारही बाजूंनी एकेक सेंमी शिवणीत जातो, म्हणून तीस तुकड्यांची गोधडी 75 × 90 नव्हे, 65 × 78 सेंमीची होते. सुया मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या.

तिसरा पर्याय माझ्या आवडीचा: घरून कापडाचा तळहाताएवढा तुकडा आणायचा, त्याच्याविषयी घरच्यांना विचारायचं आणि तुकडा चिकटवून खाली पाच-सहा वाक्यं लिहायची. कपडा कोणाचा? कुठून घेतला? कोणत्या दिवशी घातला होता? मग टाकून का दिला नाही? आजी उत्तरं मराठीत देते, त्यामुळे मुलाला पुढचा प्रश्नही मराठीत सुचतो. महेश्वरीचा काठ, आजोबांच्या धोतराची किनार, आत्याच्या पंजाबी सूटची ओढणी असं सगळं येतं आणि वर्गात बोलायला विषय पुरून उरतो. त्यासाठी एखादा आठवडा हाताशी हवा. दिवाळीच्या आवराआवरीत पेट्या-कपाटं उघडतात, तेव्हा हा उपक्रम घरच्यांना जड जात नाही.

यात अडचणी दोन. पातळ सुती कापडातून डिंक आरपार येतो आणि तुकडा कडक होतो, म्हणून डिंक फक्त कडांना लावा. दुसरी अडचण नाजूक: प्रत्येकाच्या घरी आजी नसते, आणि गेलेल्या माणसाचा कपडा कापणं घरच्यांना सोसेलच असं नाही. पालकांना चिठ्ठी पाठवा की कापू नये असं वाटलं तर फोटो किंवा हातानं काढलेलं चित्रही चालेल; शेजारच्या काकूंना विचारलं तरी चालेल. तुकडे कमी पडले म्हणून टेलरकडची कतरन मात्र भरू नका. मग तीही कागदी गोधडीच होते, फक्त कापडाची.

आणि हाताशी एकच तास असेल? तर कागदी गोधडीच करा, पण आदल्या दिवशी सांगून ठेवा: घरातल्या एका जुन्या साडीचा काठ किंवा चादरीची नक्षी नीट बघून या आणि चौकोनात तीच काढा.